मुंबई पाहायची तर पिशवी घरी ठेवा

"तुम्ही मुंबई पाहिली आहे का?" असा प्रश्न आमच्या सारसोळ्यात एखादीला विचारून पाहा. ती आधी हसेल. म्हणेल, "अहो, खाडीच्या पलीकडे तर आहे मुंबई! न पाहायला काय झालं?" पण मग तिला जरा आठवायला लावा. थोरल्याच्या डोळ्यांसाठी मोठ्या दवाखान्यात चार खेपा. नणंदेच्या लग्नाची खरेदी, तीही घाईघाईत, कारण धाकटी शाळेतून यायच्या आत परतायचं होतं. सासूबाईंबरोबर महालक्ष्मीची रांग. आणि दर मे महिन्यात गावाकडून आलेल्या पाहुण्यांबरोबर गेटवे. संपली मुंबई!

सारसोळे म्हणजे नेरूळच्या पश्चिमेचं जुनं आगरी-कोळ्यांचं गाव. सिडकोच्या इमारती चारी बाजूंनी उभ्या राहिल्या, पामबीच रस्ता आला, तरी गावची माणसं आजही रस्ता ओलांडून जेट्टीवर जातात. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, १९९२ साली लोकल वाशीपर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी नेरूळला. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ मुंबई आमच्या दाराशी आहे. सव्वा तासाचा प्रवास, गाडी बदलायचीसुद्धा गरज नाही. तरी घरची बाई मुंबई पाहायला म्हणून जात नाही. ती जाते ती दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला. तुम्ही वाशीला राहा, पनवेलला राहा, नाहीतर ठाण्याला. तुमचीही गोष्ट फारशी निराळी नसावी.

आणि सहल निघते तेव्हा तरी काय होतं? पाहुणे आठ-दहा. एका दिवसात गेटवे, राणीचा बाग, हँगिंग गार्डन, हाजी अली, चौपाटी, सिद्धिविनायक, सगळं "उरकायचं". घरची बाई पहाटे चारला उठून पुऱ्या तळते. थर्मास, पाण्याच्या बाटल्या, लहानग्याचे कपडे, सतरंजी असं सगळं तिच्याच खांद्यावर. आणि जिथे काही पाहण्यासारखं असतं, तिथे नेमकं तिच्या तोंडून वाक्य येतं, "तुम्ही जाऊन या, मी इथे सामानापाशी बसते."

खरं सांगू? हे वाक्य मला फार खुपतं. ती हौसेनं म्हणत नाही. कुणीतरी बसायलाच हवं असतं आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव कुणाला सुचत नाही. संध्याकाळी सगळ्यांचे पाय दुखतात, पण घरी आल्यावर कुकर तीच लावते. मुलांना विचारा, त्यांनी काय काय पाहिलं ते धडाधड सांगतील. तिला विचारा. तिनं पिशव्या पाहिल्या!

म्हणून या वेळी मी तुम्हांला अशी एक सहल सांगणार आहे, जिच्यात सामानापाशी बसायला कुणी लागणार नाही, कारण सामानच नसेल. जायचं दोघी-तिघींनी. जाऊबाई, शेजारीण, माहेरची बहीण, कुणीही चालेल. यजमानांना यायचं असेल तर जरूर यावं, मात्र आपली पिशवी आपण धरायच्या बोलीवर. लहान मुलांना मात्र या खेपेस न्यायचं नाही. रागावू नका! मुलांसाठी आपण वर्षभर जातोच.

वार कोणता? रविवार नको. रविवारी हार्बरच्या मार्गावर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो आणि सगळा दिवस फलाटावर जातो. मंगळवार ते शुक्रवार यातला एक दिवस घ्या. आणि घर सोडायचं सातच्या आत. नंतर बायकांच्या डब्यातही उभं राहायला जागा मिळत नाही, आणि सकाळच्या उन्हात चालणं सोपं जातं.

"सातच्या आत? मग घरातले डबे कोण करणार?" असं तुम्ही विचारणार, ठाऊक आहे मला. आदल्या रात्री भाजी चिरून ठेवा, कणीक भिजवून झाकून ठेवा, फार तर एवढं. पोळ्या ज्यांना खायच्या आहेत त्यांनी लाटाव्यात, नाहीतर एक दिवस पोहे करून न्यावेत. पोहे भिजवायला पदवी लागत नाही. आठवडाभर आधी घरात सांगून ठेवा, "अमुक तारखेला मी घरी नाही." विचारू नका, सांगा. आवाज नेहमीचाच ठेवा म्हणजे झालं. सासूबाईंनी नाक मुरडलं तर त्यांनाच बरोबर चला म्हणावं. पुष्कळदा असं होतं की त्यांनीही कधी काही पाहिलेलं नसतं. चाळीस वर्षं त्याही सामानापाशीच बसलेल्या असतात.

बरोबर खायला काय घ्यावं? दुधात कणीक भिजवून दशम्या करा, दिवसभर मऊ राहतात. तिखटमिठाच्या पुऱ्याही चालतील. सोबत बटाट्याची कोरडी भाजी आणि लिंबाचं गोड लोणचं. स्टीलचा डबा नेऊ नका, परत आणायचं ओझं होतं. केळीच्या पानात बांधून वर जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा गुंडाळा. खाल्ल्यावर त्यालाच हात पुसता येतात. सुक्या जवळ्याची चटणी मला स्वतःला फार आवडते, पण गाडीच्या डब्यात उघडू नका, शेजारणी पत्ता विचारतात! पाण्याची एकच लहान बाटली, थोडे सुटे पैसे, तिकीट आणि मोबाईल. हे सगळं खांद्याच्या एका लहान पिशवीत मावतं. साडी सुती, चपला रोजच्या सवयीच्या. नव्या चपलांनी पायाला फोड आला की गॉथिक कमानी आणि घुमट दिसत नाहीत.

आठच्या सुमारास तुम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतराल. इथेच बायकांची नेहमीची चूक होते. उतरतात आणि लोंढ्याबरोबर भुयारी मार्गात शिरतात. तसं करू नका. बाहेर या, रस्त्याच्या पलीकडे महापालिकेच्या बाजूला जा आणि मागे वळून मान वर करा. एवढी वर्षं ज्या स्टेशनातून तुम्ही धावत गेलात, ते आहे कसं ते एकदा शांतपणे पाहा. फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या वास्तुविशारदानं ते आखलं. १८७८ साली काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. नक्षीकामात मोर आहेत, माकडं आहेत, पानंफुलं आहेत. त्यातलं कितीतरी काम इथल्याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. २००४ साली ही इमारत जागतिक वारशाच्या यादीत गेली.

आता मधल्या घुमटाच्या अगदी टोकावर पाहा. तिथे कोण उभं आहे? एक बाई! एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. तिचं नाव प्रगती. मुंबईची बाकी माणसं तिच्याखालून रोज गाडी पकडायला धावतात, वर कुणी बघत नाही.

तिला पाहिल्यावर मनात एक गंमत धरा. आज शहरात फिरताना बायका शोधायच्या, दगडातल्या आणि खऱ्याखुऱ्या. दहा ठिकाणं धावत पाहण्यापेक्षा असा एखादा धागा हातात धरला की शहर लक्षात राहतं.

महापालिकेच्या बाजूनंच थोडं पुढे गेलात की कामा रुग्णालय. तुमच्यापैकी कित्येकींचा किंवा तुमच्या आईचा जन्म तिथला असेल. ते १८८६ साली सुरू झालं, पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून, खास बायका आणि मुलांसाठी. त्या काळी पुरुष डॉक्टरला हात दाखवायला लाजून कितीतरी बायका दुखणं अंगावर काढत. इथे स्त्री डॉक्टर होत्या. एडिथ पीची ही इंग्रज बाई त्यांतली प्रमुख. नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

तिथून माघारी फिरून दादाभाई नवरोजी मार्गानं सरळ दक्षिणेकडे चालत राहा. दोन्ही बाजूंना कमानींखालून फुटपाथ आहे, त्यामुळे ऊन लागत नाही. दुकानं अजून उघडलेली नसतात हे उत्तमच, नाहीतर आपण तिथेच अडकू. वीस मिनिटांत हुतात्मा चौक येतो. मधोमध कारंजं, १८६४ सालचं, आणि त्यावर फ्लोरा, म्हणजे रोमन लोकांची फुलांची देवी. ही तुमची आजची दुसरी दगडातली बाई. तिच्या शेजारीच मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी उभे आहेत, ते संयुक्त महाराष्ट्राचं हुतात्मा स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ला इथे निदर्शकांवर गोळीबार झाला. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून त्या लढ्यात शंभरावर माणसं गेली, तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला. इथे दोन मिनिटं थांबा. आपण "मुंबईला जाऊन येते" असं सहज म्हणतो, ते सहज मिळालेलं नाही.

चौकातून डावीकडे वळलात की पाच-सात मिनिटांत हॉर्निमन सर्कल. मधे गोल बाग, दाट सावलीची. समोर टाऊन हॉल, १८३३ सालचा, आणि त्याच्या त्या प्रसिद्ध तीस पायऱ्या. आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. आमच्या पिढीच्या वाचणाऱ्या बायकांना ही इमारत म्हटली की एकच नाव आठवतं, दुर्गाबाई भागवत. आयुष्यातली कित्येक वर्षं त्या या ग्रंथालयात वाचत, लिहीत बसल्या. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, आणीबाणीच्या विरोधात उघड बोलल्या, आणि १९७६ साली त्यांना अटक झाली. भलेभले गप्प असताना! आणि याच दुर्गाबाईंनी स्वयंपाकावर 'खमंग' नावाचं पुस्तकही लिहिलं, हे मला फार आवडतं. चुलीपाशी रमणारी बाई सरकारपुढे ताठ उभी राहू शकते, त्यात कसलाही विरोध नाही. पायरीवर बसून पाणी प्या. तीस पायऱ्या चढून वर गेलात तर खालची गोल बाग फार छान दिसते.

आता पुन्हा चौकात येऊन पलीकडे, पश्चिमेला जायचं. विस्तीर्ण ओव्हल मैदान लागतं. मैदानाच्या कडेला उभं राहून पूर्वेकडे पाहिलंत की उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर ओळीनं दिसतात. दोन्ही इमारती १८७८ साली पुऱ्या झाल्या. २०१८ साली या मैदानाभोवतालच्या इमारतींनाही जागतिक वारशाचा मान मिळाला. पण मी तुम्हांला इथे आणलं ते त्यासाठी नाही.

उच्च न्यायालयाकडे पाहा आणि रखमाबाईंची गोष्ट ऐका. मुंबईचीच मुलगी, १८६४ सालचा जन्म. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लावून दिलं. ती आईकडेच, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून वाढली, शिकली. मोठी झाल्यावर नवऱ्यानं नांदायला ये म्हटलं, तर तिनं साफ नकार दिला. अजाण वयात, मला न विचारता झालेलं लग्न मला बांधू शकत नाही, हे तिचं म्हणणं. १८८४ साली दादाजी कोर्टात गेला. पहिल्या न्यायाधीशांनी निकाल तिच्या बाजूनं दिला. अपील झालं. १८८७ साली दुसऱ्या न्यायाधीशांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

मैत्रिणींनो, १८८७ साल! घरातून बाहेर पडायचं तर आपण आजही दहा कारणं शोधतो. एका बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीनं भर कोर्टात सांगितलं की मी तुरुंगात जाईन. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून तिच्यावर चिखलफेक झाली, विलायतेपर्यंत चर्चा झाली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजीनं दावा सोडला. मग कामा रुग्णालयातल्या त्याच एडिथ पीची बाईंनी आणि इतरांनी तिला मदत केली, ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली, परत आली आणि पुढे वर्षानुवर्षं सुरतेला बायकांवर उपचार करत राहिली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, त्यामागे तिच्या खटल्यानं उठवलेलं वादळही होतं. या इमारतीपुढून आपण बसमधून किती वेळा गेलो असू. तिचं नाव मनात आलं होतं?

शेजारच्या राजाबाई टॉवरची गोष्ट त्यामानाने गोड आहे. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या मोठ्या व्यापाऱ्यानं त्यासाठी दोन लाख रुपये दिले, अट एकच, की आईचं नाव द्यायचं. आई राजाबाई. असं सांगतात की त्यांना दिसत नव्हतं आणि जैन रीतीप्रमाणे त्या सूर्यास्ताआधी जेवत. या घड्याळाच्या ठोक्यांवरून त्यांना कुणाला न विचारता वेळ कळे. कथा खरी-खोटी देव जाणे, पण म्हाताऱ्या बाईला "वाजले किती?" हे सारखं विचारावं लागू नये, हा विचार मला एरवीच्या सगळ्या नक्षीपेक्षा सुंदर वाटतो. मनोरा ८५ मीटर उंच आहे. वर जाऊ देत नाहीत, तेव्हा खालूनच पाहा.

इथे मैदानाच्या कडेच्या सावलीत दशम्या सोडा. आणि एक नाजूक गोष्ट, जी सहलीच्या कुठल्या पुस्तकात नसते. बाहेर पडलं की आपण बायका पाणी पीत नाही. का, ते तुम्हांला माहीत आहे. मग डोकं दुखतं, लघवीची जळजळ सुरू होते, आणि आठवडाभर औषधं. तसं करू नका. स्टेशनवर उतरल्यावर एकदा आणि पुढे वस्तुसंग्रहालयात एकदा, अशा दोन जागा आधीच मनात धरून ठेवा आणि निर्धास्त पाणी प्या.

मैदानापासून दक्षिणेला पाच-दहा मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आपलं जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. सव्वादहाला उघडतं, तिकीट असतं. इमारत जॉर्ज विटेट यांनी आखलेली. पहिल्या महायुद्धात इथे लष्कराचं रुग्णालय होतं, लोकांसाठी दालनं उघडली ती १९२२ साली. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला. आत शिरल्यावर मधल्या दालनातलं लाकडी कमानींचं काम पाहा, ते नाशिकच्या एका वाड्यातलं आहे.

सगळं पाहायचा हट्ट मात्र धरू नका. संग्रहालयात पहिल्या तासानंतर काही शिरत नाही डोक्यात. मूर्तींचं दालन आणि लघुचित्रं, एवढं पुरे. लघुचित्रांपाशी अगदी जवळ जाऊन उभ्या राहा. बायकांच्या ओढण्यांची जर, केसांची बट, नथीचा मोती, सगळं केसाएवढ्या कुंचल्यानं काढलंय. भरतकाम करणाऱ्या बाईला त्या चित्रात जे दिसतं ते प्राध्यापकाला दिसेलच असं नाही. मधे बाक आहे, त्यावर बसा. कुणी "चला चला" म्हणणार नाही.

तिथून गेटवे जवळच. त्याबद्दल फार लिहीत नाही, तो तुम्ही पाहिलेला आहे, निदान त्याच्यासमोर सामान सांभाळत बसलेल्या आहात. १९११ साली राजाराणी उतरले तेव्हा ही कमान नव्हतीच, तिचं काम पुरं होऊन उद्घाटन झालं १९२४ला. आणि २८ फेब्रुवारी १९४८ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून निघून गेली. चोवीस वर्षंसुद्धा पुरली नाही त्यांना! समोर लाँची दिसतात त्या घारापुरीच्या. मोह होईल, पण आज नको. त्याला स्वतंत्र दिवस द्या, जाताना तासभर, येताना तासभर. आणि सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवा.

साडेतीनच्या सुमारास टॅक्सी किंवा बस करून स्टेशनवर या. पाचनंतर परतीची गर्दी सुरू होते. पनवेलची गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे चार वाजता बायकांच्या डब्यात खिडकीसुद्धा मिळू शकते. खरेदी करू नका. एक पिशवी झाली की दुसरी होते.

आणि घरी काय सांगायचं? सकाळीच सांगून ठेवा की रात्री पिठलं-भात, आणि तो तुम्ही करणार नाही. नेरूळला उतरल्यावर फोन करून "कुकर लावलात का?" एवढं विचारा. नाही म्हणाले, तर स्टेशनबाहेर एक चहा घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारा.